सगुणाबाईच्या चाळीस कलमांची गोष्ट

सातपुड्याच्या पायथ्याशी जांभुळखेडा नावाचे गाव. वेणूगिरी महाराज तेथे मुक्कामाला होते तेव्हाची ही गोष्ट. गावात घरोघर संत्र्याची कलमे होत. आश्विन सरला की डोळे बांधण्याची एकच घाई उडे. जंबेरी लिंबाच्या खुंटाची साल चिरायची, गोड झाडाच्या काडीवरचा फुटवा, म्हणजे डोळा, पानाच्या देठासकट काढून सालीत बसवायचा आणि घट्ट बांधायचा.

सगुणाबाई यादवरावांच्या रोपवाटिकेत हेच काम करी. तिच्या परसात नवऱ्याने लावलेले एक संत्र्याचे झाड होते. तसली गोडी पंचक्रोशीत नव्हती! पण नवरा गेला, झाडाला डिंक्या रोग लागला, आणि यंदा एकच फांदी हिरवी उरली. यादवरावांनी तिला चाळीस खुंट दिले होते. त्या फांदीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सगुणाबाई सकाळीच निघाली. हे डोळे लागले नाहीत, तर नवऱ्याच्या हातचे वाण कायमचे गेले, हे तिला पक्के ठाऊक होते.

वाटेत पाहते तो काय, बाभळीखाली महाराज पडलेले! अंग तापाने फणफणलेले. विहीर अर्धा कोस दूर. तिने एकवार काड्यांकडे पाहिले. मग फडका सोडून तिने महाराजांच्या कपाळावर ठेवला आणि पदराने वारा घालीत दुपारपर्यंत बसून राहिली. ताप उतरला, पण काड्या उन्हाने पार सुरकुतल्या.

"तुझं काम अडलं ना, बाई?" महाराज म्हणाले.

"वाळल्या जी काड्या. आता डोळ्याची साल बी सुटनार नाई."

"तू बांध तर खरी."

यादवरावांना कलमातले सारे कळे, आणि आपल्याला सारे कळते हे तर त्याहून जास्त कळे. काड्या पाहून ते खो खो हसले. "सगुणे, हे सरपन कोनासाठी आनलं? त्या बुवाले चूल पेटवून दे!"

मजूरही हसले. सगुणाबाईने मान खाली घालून चाळीसही डोळे बांधले. पुढे रोज पाणी घालीत राहिली.

एकविसाव्या दिवशी यादवराव ते खुंट रिकामे करून घ्यायला आले. महाराजही येऊन बांधावर बसले. डोळा मेला की देठ वाळून तिथेच चिकटून राहतो. लागला की नुसत्या बोटाने गळून पडतो. सगळ्यांना दाखवावे म्हणून यादवरावांनी पहिल्या देठाला बोट लावले.

देठ गळून पडला! खाली डोळा हिरवागार.

त्यांनी दुसऱ्याला बोट लावले. तिसऱ्याला लावले. देठ टपटप पडू लागले. त्यांच्या उमेदीच्या काळातही दहात सात लागले तर ते मिशीला पीळ भरीत. इथे चाळीसच्या चाळीस! शेवटचा देठही पडला. ते धावत गेले आणि महाराजांच्या पायांवर पडले.

"महाराज, माया उभ्या जन्मात असं पाह्यलं नाई!"

"मी कधी कलम बांधलंय, यादवराव?" महाराज म्हणाले. "बांधणारी ती उभी आहे."

यादवराव उठले. मजुरांच्या देखत सगुणाबाईपाशी गेले आणि तिच्या मातीने भरलेल्या पायांवर त्यांनी डोके ठेवले.