मे महिन्यातली स्वच्छ जाळी

“मशीन ठणठणीत हाय, तं मग बाई चक्कर येऊन पडल्या कशा?”

तायडेमास्तरांनी सर्व्हिसच्या कागदावरून नजर न काढता विचारलं.

निशांत वैतागला. “ते डॉक्टरले विचारा ना, मास्तर. मी एसीचा माणूस.”

तायडेमास्तरांनी अकोल्यात तीस वर्षं आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचं काम शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून एक गाळा घेऊन दुकान टाकलं. निशांत गावंडे त्यांच्या शेवटच्या तुकडीतला. गडी हुशार. कंप्रेसरचा आवाज रस्त्यावरून ऐकून रोग सांगेल. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो, एवढीच काय ती अडचण.

प्रकरण असं होतं. प्रमिलाबाई ठोंबरे, निवृत्त मुख्याध्यापिका, घरी एकट्या. चार दिवसांपूर्वी भर दुपारी स्वतःच्या घरात चक्कर येऊन पडल्या. शेजारणीने पाहिलं म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं ऊन लागलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मुलगा शैलेश बेंगळुरूला. त्याने तिथून दुकानात फोन केला, एसी तपासा, लागेल तो खर्च करा.

निशांत सकाळी जाऊन तपासून आला होता.

“गॅस बरोबर. कॉइल साफ. हवा एकदम गार. तरी मी त्यांच्या पोराले सांगितलं, मशीन आठ वर्षांचं झालं, वीज जास्त खाते, नवीन घ्या. वर्षभराच्या सर्व्हिसचा करार करून देतो. तो तयार हाय.”

“जाळी?”

“स्वच्छ. लिहिलं ना फिल्टर स्वच्छ म्हणून.”

“तू धुतली?”

“धुवायची गरजच नव्हती.”

“याच्या आधी कोनं धुतली?”

“मीच. होळीच्या आधी.”

मास्तरांनी चष्मा काढला. बाहेर एक ट्रक गेला आणि रस्त्यावरची धूळ दुकानात येऊन काउंटरवर बसली. मास्तरांनी काउंटरवरून बोट फिरवलं आणि ते निशांतपुढे धरलं.

निशांत बोटाकडे पाहत राहिला...

“चाल,” मास्तर म्हणाले. “गाडी काढ.”

दुपारचे दोन वाजले होते. अकोल्यातल्या मे महिन्यात दोन वाजता कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं.

प्रमिलाबाईंनी दार उघडलं. मानेवर ओला नॅपकिन, चेहरा उतरलेला. घरात पंखा गरगरत होता आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता.

“अगं बाई! मास्तर, तुम्ही? एवढ्या उन्हात? अरे निशांत, काही कळतं का तुला, मास्तरांना आणलंस ते!”

त्या लगबगीने आतल्या खोलीत गेल्या. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, रिमोट शोधून एसी सुरू केला. “बसा. आत्ता गार होईल बघा.” आणि पन्हं करायला स्वयंपाकघरात गेल्या.

दहा मिनिटांत खोली गार झाली. मशीन खरंच उत्तम होतं.

बाईंनी पन्ह्याचे दोन पेले आणून ठेवले आणि तशाच मागे फिरल्या.

“बाई, बसा ना आत,” मास्तर म्हणाले.

“मी बरी आहे बाहेर. तुम्ही गार व्हा. दार लोटून घेते हं, नाहीतर सगळी गार हवा जाते.”

आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेरून.

निशांतच्या हातातला पेला तसाच राहिला...

मग त्याने उठून दार उघडलं, बाईंना हाताला धरून आत आणलं, पलंगावर बसवलं आणि सुरू झाला. एसी सव्वीसवर ठेवायचा, सोबत पंखा लावायचा, म्हणजे बिल आटोक्यात राहतं. जाळी पंधरा दिवसांनी धुवायची. वर्षातून दोन सर्व्हिस करायच्या, म्हणजे मोठा खर्च निघत नाही. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा लागते...

बाई मान डोलावत होत्या. “हो रे. शैलेशनं सगळं सांगितलंय.” पण एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत होत्या हे कुणालाही दिसलं असतं.

मास्तरांनी एसी बंद केला. खुर्चीवर चढून झाकण उघडलं, जाळी काढली आणि वाकून बाईंच्या मांडीवर ठेवली.

पांढरीशुभ्र.

बाईंनी ती पाहिली. मग खिडकीच्या गजांकडे पाहिलं. गजांवर धुळीचा जाड थर होता.

“शैलेशचा व्हिडिओ कॉल आला की लावते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्याला दिसावं म्हणून. फोन ठेवला की बंद करते.”

“बिलाची भीती वाटते का?” निशांतने विचारलं.

“छे रे. पेन्शन पुरून उरते मला.” त्यांनी मानेवरचा नॅपकिन काढून त्याची घडी घातली. घडी मोडून पुन्हा घातली. “हे होते तेव्हा दिवसभर चालू असायचा. त्यांना दम लागायचा ना. पाहुणे आले तरी लावते. पण एकटीसाठी एवढं मशीन लावून आडवं पडायचं... लाज वाटते रे. रिमोटकडे हातच जात नाही.”

“अहो बाई, जीव जाईल ना तुमचा!” निशांतचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. एवढा फुशारक्या मारणारा गडी, डोळे पुसायला लागला.

“गेला तर गेला. माझ्यावाचून कुणाचं अडलंय आता?”

मास्तर खुर्चीवरून सावकाश खाली उतरले.

“बाई, एक अडचण होती,” ते म्हणाले. “कशी सांगू तुम्हाले... आमच्या घरी एसी नाही. आमच्या मंडळीले, शेवंताले, बीपी हाय. दुपारी लय जीव घाबरा होते तिचा. उद्यापासून एक ते चार तिले तुमच्याकडे आणून सोडली, तं चालन का?”

निशांतने तोंड उघडलं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला जड ठेवला.

“अहो, चालेल का म्हणून काय विचारता!” बाई उठून उभ्याच राहिल्या. “असं परक्यासारखं विचारतात का? एवढे दिवस बोलला नाहीत, वर आता विचारताय! उद्या कशाला, आजच आणा. निशांत, इकडे ये. बीपीच्या माणसाला किती गार चालतं रे? किती म्हणालास मघाशी?”

“सव्वीस.”

“आणि पंखा?”

“हळू.”

“थांब, थांब.” त्यांनी पेन आणि कॅलेंडर आणलं. “ही जाळी मला धुता येईल? साबण लागतो?”

“नुसतं साधं पाणी. सावलीत वाळवायची. ओली बसवायची नाही.”

“पंधरा दिवसांनी ना? आणि पुढची सर्व्हिस कधी? ते बाहेरचं मशीन उन्हात आहे, बिघडणार नाही ना? त्या येतील आणि नेमकं बंद पडायचं!”

निशांत सगळं पुन्हा सांगत गेला. बाई मुख्याध्यापिकेच्या अक्षरात तारखांवर खुणा करत गेल्या. नवीन मशीनचं नाव कुणी काढलं नाही. दार लोटलेलं होतं आणि या वेळी बाई आत होत्या.

बाहेर आल्यावर गाडीची सीट तव्यासारखी तापली होती. निशांतने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“मास्तर, गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलं. पहिल्याच तासाले.”

“शिकवलं.”

“मग आता हे काय? तुमच्या घरी एसी हाय! मागच्या रविवारी मीच सर्व्हिस करून गेलो.”

“चांगली केली तू. लय गार चालते.”

“आणि काकूले काय सांगान?”

“तिले मी सांगतो.”

“पण मास्तर...”

मास्तरांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, त्याचं टोक कानामागे खोचलं आणि निशांतच्या मागे बसले.

“संध्याकाळी शिडी घेऊन घरी ये,” ते म्हणाले. “एसी उतरवायचा हाय.”