राखायची गंगाजळी

पिंपळोशी नगरपरिषदेचे नगराध्यक्ष आबासाहेब रणनवरे यांना वेशीवर स्वागत कमान हवी होती, तीही शेजारगावच्या कमानीपेक्षा हातभर उंच. अंदाजपत्रकाच्या सभेत लेखापाल बारटक्के दबकत म्हणाले, "पैसा आता फक्त गंगाजळीत आहे साहेब, अडीनडीला ठेवलेला."

"मग काढा की. साठवलेलं पाणी नासतं, बारटक्के."

सभागृह हसलं. बारटक्क्यांच्या अगदी जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते गिळून त्यांनी सही केली.

कमान झाली. वैशाखात पाणीपुरवठ्याचा पंप जळाला, तेव्हा नव्या पंपाला तिजोरीत दमडी नव्हती. रिकाम्या हंड्यांचा मोर्चा त्याच कमानीखालून आला.

आबासाहेब लेखापालावरच कावले. "गंगाजळीला हात लावू नये, हे तेव्हाच ठणकावून सांगायचं होतं."

बारटक्के खालमानेनं म्हणाले, "गंगेचं पाणी नासत नाही, साहेब. म्हणून तर लोक ते शेवटच्या घोटासाठी घरात जपून ठेवतात. हे मला त्या दिवशीच सुचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा शब्द राखला, साहेब. राखायची होती ती गंगाजळी."