खरवडलेला कडा

फार उंच डोंगरावर, धुक्यात बुडालेल्या एका गावात एक पाथरवट राहत होता. हाताने कसबी, डोक्याने तापट. गावाच्या वरच्या अंगाला एक काळा कडा होता. त्यावर इवल्या इवल्या पानांचं शेवाळ दाटून वाढलेलं असे. धुकं त्या पानांत अडकायचं आणि थेंब थेंब खालच्या कुंडात उतरायचं. सारं गाव तेच पाणी प्यायचं.

एके दिवशी पाथरवट कड्याच्या वाटेने उतरत होता. खांद्यावर देवीची मूर्ती होती, सारा हिवाळा खपून घडवलेली. ओल्या शेवाळावरून पाय सटकला आणि मूर्ती फुटली. कुंडावरच्या बायका हसल्या. ते हसणं त्याला पडण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी बायकोने त्याच्या गुडघ्याला हळद लावली. वाट निसरडी आहे तर पायऱ्या खोदा, ते तर तुमचंच काम, असं तिने समजावलं.

"मी कशाला पायऱ्या खोदू?" तो म्हणाला. "माझी मूर्ती त्या शेवाळाने फोडली. आता त्याला ठेवत नाही."

छिन्नी घेऊन तो कड्याला भिडला. खरवडत राहिला, शिव्या देत राहिला. गावकरी अडवायला आले, तर त्यांच्यावरच छिन्नी उगारली. शेवटी कडा हाडासारखा उघडा पडला, तेव्हा कुठे त्याला गार वाटलं.

धुकं येतच होतं, पण उघड्या दगडावर ते थांबेना. उन्हाळ्यात कुंड आटलं. बायकांना पाण्यासाठी खोल दरीत उतरावं लागलं. पाथरवट आधी धुक्यावर चिडला, मग देवावर. एक दिवस हातोडा घेऊन कोरडं कुंडच फोडायला निघाला.

त्याची बायको दरीतून हंडा घेऊन वर येत होती. पायांना फोड आले होते. ती हंडा ठेवून कुंडासमोर उभी राहिली. आज तिचाही राग अनावर झाला होता.

"शेवाळ संपवलंत. आता कुंड. त्यानंतर कोणाला फोडणार, मला?"

त्याने हातोडा खाली ठेवला. पाथरवटाला पहिल्यांदाच स्वतःचा संताप आला, आणि तो काढायला समोर काहीच उरलं नव्हतं.

कड्याच्या एका भेगेत चिमूटभर शेवाळ वाचलं होतं. तो रोज दरीतून पाणी आणून त्यावर शिंपडू लागला. शिंपडता शिंपडता म्हातारा झाला. शेवाळ तळहाताएवढं झालं. कुंड मात्र त्याच्या हयातीत भरलं नाही.

तात्पर्य: रागाच्या भरात जे क्षणात ओरबाडलं जातं, ते परत उगवायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.