कोरा समास

टाळ्या दुसऱ्यासाठी वाजत असल्या की त्यांचा आवाज वेगळाच येतो.

धैर्यशील मगदूमनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पाचवीत होता. चित्रकलेचं बक्षीस दुसऱ्याच पोराला मिळालं, आणि शाळेच्या पत्र्याखाली टाळ्या अशा वाजल्या की वर गारा पडतायत असं वाटावं. त्या पोरापेक्षा धैर्यशीलचं चित्र नीट होतं. रेघेबाहेर कुठं रंग गेला नव्हता.

काल दुपारी दूध संघाच्या कचेरीत तोच आवाज त्यानं पुन्हा ऐकला. टाळ्या कंपनीत नव्यानं आलेल्या तस्लीमसाठी होत्या.

“…म्हणून तुम्हालाच विचारतो अण्णा. तिच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?” धैर्यशील म्हणाला.

रामलिंगअण्णा आपल्या खोलीत खिडकीशी सतरंजीवर बसले होते. सकाळचं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

अण्णांनी तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. छापखाना बंद पडला तेव्हा ते पन्नाशीला आले होते. त्या वयात ते कॉम्प्युटर शिकले आणि याच खोलीत पोरांना शिकवायला बसले. पानावर काय कुठं ठेवायचं, मोकळी जागा किती सोडायची, माउस किती हलका धरायचा. जयसिंगपुरातल्या निम्म्या पोरांचा हात त्यांनी बसवला. धैर्यशीलचा बसवला, आणि धैर्यशीलच्या कंपनीचा मालक आदगोंडा पाटील, त्याचाही. आता अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. रंग दिसत, अक्षरं दिसत नसत.

“आदगोंडा काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“म्हणाला, तू अकरा वर्षं जुना माणूस. संघाला तिचं आवडलं खरं, पण अण्णांचा शब्द आण. ते म्हणतील ते चित्र सोमवारी कामाला लावू. आणि ज्याचं चित्र, डिझाईनचं खातं त्याच्या हाताखाली.”

“म्हणजे तू तरी तिच्या हाताखाली, नाहीतर ती तुझ्या.”

“आत्ता आत्ता आलीय ती, अण्णा! बटणं एका रेघेत कशी लावायची, हे मी शिकवलंय तिला.”

अण्णा नुसते हसले.

काम तसं छोटं होतं. संघाच्या चाळीस संकलन केंद्रांवर दूध घेताना कारकुनाच्या हातात टॅब असणार. कुणाचं दूध, किती लिटर, फॅट किती, हे त्यावर बोटानं भरायचं. तो पडदा कसा दिसावा, याचं चित्र दोघांनी काढलं होतं. आता त्यासाठी ओळीच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये माउसनं चौकोन ओढायचा, बटण उचलून ठेवायचं, की पडदा समोर उभा.

“दोन्ही आणलीस?”

धैर्यशीलनं पिशवीतून दोन कागद काढले. स्वतःचं चित्र त्यानं फोटो स्टुडिओतून छापून आणलं होतं, जाड, चकचकीत कागदावर. दुसरा कागद ऑफिसमधला साधा होता, चार घड्या पडलेला, कडेनं कुणाकुणी शाईनं लिहिलेलं, कोपऱ्यात दुधाचा डाग.

अण्णांनी आधी चकचकीत कागदावरून बोट फिरवलं.

“गुळगुळीत आहे.”

“फोटोचा कागद आहे अण्णा. आणि कडा बघा… म्हणजे, मी सांगतो. प्रत्येक बटण आठशे टक्के मोठं करून जुळवलंय. केसाचा फरक नाही. मागं हिरवा रंग, वरून फिका होत खाली गेलेला. किती दिवस लागले माहितेय? तीन आठवडे. एका चित्राला.”

“आणि पोरीला?”

“तिनं तेवढ्यात एकोणीस काढली.” धैर्यशीलच्या ओठांना मुरड पडली. “एकोणीस! पहाटे केंद्रावर जायची, दुधाच्या कॅनवर लॅपटॉप ठेवायची. कारकून म्हणाला हे वर घ्या, की घेतलं वर. एखादी म्हातारी म्हणाली अक्षर दिसत नाही, की केलं मोठं. सगळ्यांच्या समोर ओढायचं, सोडायचं, पुसायचं. रंगसुद्धा भरत नाही. राखाडी चौकोन नुसते. त्याला काय डिझाईन म्हणायचं?”

“तुला राग तिचा येतो, का चौकोनांचा?”

“मला राग येत नाही.”

“बरं…”

जिन्यात चपला वाजल्या. शालन दार ढकलून आत आली, हातात किटली. केंद्रावर दूध घालून झालं की अर्धा लिटर ती अण्णांना देऊन जाई. किटली तिनं कोपऱ्यात ठेवली.

“शालन, ये. जरा काम आहे.”

“आता मला कसलं काम लावताय अण्णा? म्हशीनं काय कमी लावलंय व्हय?”

“बस तर. हे तुमच्या केंद्रावर येणार आहे. दोन्ही बघ.”

तिनं धैर्यशीलचा कागद घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पदराला हात पुसले. मग कागद कडेला दोन बोटांत धरला.

“लई झ्याक हाय,” ती म्हणाली.

धैर्यशील तिच्याकडे बघत राहिला. ती आणखी काही बोलेल म्हणून.

“अजून?” अण्णांनी विचारलं.

“अजून काय? चांगलं हाय की. साहेबांनीच केलं न्हवं? मग झालं.” तिनं तो कागद जपून सतरंजीवर ठेवला.

मग तिनं दुसरा घेतला. हा मात्र तिनं मांडीवर पसरला आणि तळव्यानं घड्या दाबल्या.

“ह्यात माझं नाव कुठं यायचं? हितं? एवढंसं? कारकुनाला चष्मा लागलाय, त्याला काय दिसतंय! आनि सकाळचं दूध, सांजचं दूध एकाखाली एक का घातलंय? हे बाजूबाजूला पायजे… हितं कुनी लिवलंय की तसंच. बरं केलं. आनि हे बघा, लिटरचा आकडा मला बी दिसाया पायजे. टॅब त्याच्याकडं तोंड करून. मला काय कळायचं, त्यानं किती लिवलं? एकदा माप मोठ्या कॅनमधी ओतलं की ओतलं. मग त्यातनं कोन हुडकून काढनार, शालनचं कुठलं आनि गंगूचं कुठलं?”

अण्णांनी उशीखालून पेन्सिल काढून तिला दिली. तिनं आकड्याच्या चौकोनावर एक मोठा वेडावाकडा बाण काढला, आपल्या बाजूला तोंड करून.

धैर्यशील पुढं सरकला. इथंसुद्धा! दूध घालणारी बाई, जिच्या केंद्रावर तस्लीम कधी गेलीच नव्हती, तीसुद्धा तिच्याच कागदावर…

“मावशी, माझ्यात आहे की तो आकडा,” तो म्हणाला. “हे बघा, इथे. चुकलं असेल तर सांगा ना. करा इथे खूण.”

शालननं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग भीत भीत पेन्सिल चकचकीत कागदावर टेकवली. ती घसरली. तिनं पुन्हा टेकवली.

“उठत न्हाई हो साहेब,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. कशाला खराब करताय एवढं चांगलं.”

ती उठली, अण्णांचं दूध पातेल्यात ओतलं, आणि “जळाय लागलंय ऊन आत्तापासनंच” म्हणत जिना उतरून गेली.

धैर्यशीलनं चकचकीत कागद उचलून त्यावर पेन्सिलीची रेघ कुठं उठलीय का बघितलं.

“लोकांना अर्धवट गोष्ट दाखवली की लोक बोलणारच,” धैर्यशील म्हणाला. “त्यात काय मोठंसं?”

“छापखान्यात माझ्या शेजारी, खिळ्यांच्या खणांच्या केसवर इब्राहीम बसायचा,” अण्णा म्हणाले. “मी तेव्हा बावीस वर्षांचा. गिऱ्हाईक आलं की मालक म्हणायचा, इब्राहीमकडं द्या. मला वाटायचं, मी ह्याच्यापेक्षा नीट जुळवतो, मग ह्याचं नाव का?”

धैर्यशीलनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“छापण्याआधी तपासायचं प्रूफ इब्राहीम काढायचा रद्दीवर. सगळेच काढायचे. मोठा समास सोडायचा, गिऱ्हाइकानं लिहायला. एकदा एक लग्नपत्रिका माझ्याकडं आली. मी म्हटलं, आता बघा. मी प्रूफच काढलं गुळगुळीत आर्ट पेपरवर. सोनेरी शाईत. मुलीचा बाप आला, शिरोळचा. गरीब माणूस. त्यानं दोन्ही हातांत धरून बघितलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, वा! आणि गेला.”

“मग?”

“मुहूर्त सकाळचा होता. पत्रिकेत मी संध्याकाळचा लावला होता. लांबचे पाहुणे आले तेव्हा मांडव उतरवत होते.”

“त्याला चूक दिसली नाही?”

“दिसली होती. मी माफी मागायला गेलो तेव्हा तोच म्हणाला. ‘दिसलं मला. पर एवढं देखणं… म्हटलं तुमचंच बरोबर असंल. मुहूर्त मीच चुकीचा ऐकला असंल.’”

अण्णा थांबले. मग हात लांब करून त्यांनी साधा कागद जवळ ओढला. तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला. शाईच्या निळ्या, लाल खुणा त्यांना डागांसारख्या दिसत असाव्यात. त्यांचं बोट कडेनं फिरत फिरत डावीकडे थांबलं.

“चारी बाजूंनी लिहिलंय. एवढीच पट्टी पांढरी दिसते. इथं काय आहे?”

“…काही नाही.”

“वर बारीक काहीतरी आहे. वाच.”

धैर्यशीलनं वाचलं नाही. त्याला ते पाठ होतं. गोल अक्षरात लिहिलं होतं, धैर्यशीलदादांसाठी जागा.

“तिनं माझ्यासाठी ठेवली होती,” तो शेवटी म्हणाला. “सगळ्यांचं झाल्यावर आणून दिला कागद. म्हणाली, दादा, तुम्ही शेवटी बघा.”

“किती दिवस झाले?”

“आठ.”

“तुला चूक दिसली नाही होय?”

खाली रस्त्यावर कुणीतरी कांदेवाल्याशी भावावरून हुज्जत घालत होतं. धैर्यशील ते मन लावून ऐकत असल्यासारखा बसला.

“दिसली,” तो म्हणाला.

“कधी?”

“बघताक्षणी.”

अण्णांनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. ते नुसते त्याच्या दिशेनं बघत होते, आणि त्या धूसर डोळ्यांपुढून त्याला हलता येईना.

“‘जमा’ आणि ‘रद्द’, दोन्ही बटणं तिनं एकमेकांना चिकटून ठेवलीत,” तो घाईघाईनं बोलू लागला. “कारकुनाचं बोट ओलं असतं. ओलं बोट घसरतं. ‘रद्द’वर पडलं की नोंद गेली. तोवर माप ओतून झालेलं असतं. कागदावर कुणाच्या लक्षात येत नाही, पण टॅबवर… पहिल्याच दिवशी घडलं असतं. चाळीस केंद्रांवर.”

“कालच्या चित्रातही तसंच होतं?”

“तसंच.”

“टाळ्या वाजल्या तेव्हा?”

“…तेव्हाही.”

“आणि तू वाट बघत होतास.”

धैर्यशीलनं खाली बघितलं. शालन बसली होती तिथं सतरंजीवर दुधाचा एक थेंब पडला होता, आणि एक मुंगी त्याच्या कडेनं चालली होती. एकदा ओतलं की ओतलं. त्यानं पहिल्यांदा मनात चित्र आणलं, शालन रिकामी किटली घेऊन टॅबसमोर उभी आहे आणि कारकून म्हणतोय, मावशी, तुमचं नाव दिसत नाही.

अण्णांनी पेन्सिल त्याच्यापुढं धरली.

पेन्सिल बराच वेळ तशीच हवेत राहिली. अण्णांनी हात खाली घेतला नाही.

धैर्यशीलनं ती घेतली.

त्यानं पांढऱ्या पट्टीवर लिहिलं, ‘रद्द’ उजवीकडून काढून पार वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यावं. दाबल्यावर लगेच पुसू नये, एकदा विचारावं. मग थोडं थांबून आणखी लिहिलं, मावशींचा आकडा त्यांच्या बाजूला मोठा दिसावा, टॅब फिरता ठेवला तर जमेल. मग आणखी एक ओळ. मग एक छोटी आकृती. पट्टी भरली तेव्हा त्यानं कागद आडवा केला आणि कोपऱ्यात लिहिलं.

अण्णा पेन्सिलीची खरखर ऐकत बसले होते.

“झालं?”

“झालं.”

“मग आदगोंडाला सांग, पोरीचं घे.”

हेच येणार हे त्याला कळलं होतं. अकरा वर्षं.

“आता तर तिचं माझ्यापेक्षा चांगलंच होणार, अण्णा,” तो म्हणाला, आणि आवाजात ओल आली ती त्याला लपवता आली नाही. “मीच केलं. माझ्या हातानं.”

“तिचं?” अण्णा म्हणाले. “तिचं एकटीचं आता कुठं राहिलं?”

धैर्यशीलनं साधा कागद मांडीवर घेतला आणि तळव्यानं त्याच्या घड्या दाबल्या. मग त्यानं दोन्ही कागद पिशवीत घातले, वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, आणि जिना उतरून गेला.