सिदू पैलवानाची पालथी कुस्ती

आपल्या मुलखावर महाराजांचं राज्य होतं आणि महाराजांवर कारभाऱ्यांचं, त्या काळी करंजओढा नावाच्या गावात सिदू पैलवान राहायचा.

त्यानं दंडाची बेटकुळी फुगवली की समोरच्या आंब्यावरचे पोपट उडून जायचे, असं म्हणतात. तो बाजाराला निघाला की त्याला बघायला न्हावी अर्धी दाढी टाकून धावायचे, आणि त्या न्हाव्यांच्या मागं अर्ध्या दाढीची गिऱ्हाइकं.

पण ताकदीपेक्षा त्याची जीभ भारी. भर दरबारात डोक्याला मानाचा फेटा बांधला जात असताना तो म्हणाला होता, "फ्येटा झ्याक हाय, महाराज. पर आमच्या साळंच्या डोक्यावर कौलं न्हाईत." महाराज हसले. कारभारी तात्यासाहेब हसले नाहीत.

त्याच साली तात्यासाहेबांनी करंजओढ्याचं गायरान दरबारी घोड्यांसाठी राखून ठेवलं. मग गावच्या म्हशी चरणार कुठं? काही आटल्या, काही विकल्या गेल्या. दूध उरलं ते एकट्या सिदूच्या घरी, कारण दरबारातून रोज सकाळी त्याचा खुराक यायचा. दुधाच्या घागरी, तूप, बदाम, चांगली बैलगाडीभर!

गावात हौसा नावाची पोरसवदा बाळंतीण होती. पहिलंच मूल. बाळ रडलं तर का रडतंय म्हणून ती घाबरायची, आणि झोपलं तर श्वास चाललाय ना, म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. सासू म्हणायची, "हिची काळजी इकायला काढली तर घर चालंल." पण या खेपेला हौसाची काळजी खरी होती. तिचं दूध पुरत नव्हतं आणि पोर वाळत चाललं होतं.

एका सकाळी ती पोराला कडेवर घेऊन सिदूच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"काय गं हौसे? प्वार का किरकिरतंय?"

"काय न्हाई, दादा. म्हंजी भूक असंल. का पोट दुखत असंल? मला मेलीला काय कळतंय!"

सिदूनं दुधाची घागर उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. "त्येला कळतंय न्हवं? मग पाज."

दुसऱ्या दिवशी दारात आणखी चार पोरं किरकिरायला लागली आणि आठवड्याभरात रांग लागली. सिदूनं आधी दूध वाटलं, मग तूप, मग बदामही. करंजओढ्याची रांगती पोरं उंबऱ्याचे दगड उपटायला लागली, असं म्हणतात. इकडं सिदूचा लंगोट मात्र सैल झाला.

ही बातमी तात्यासाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी निरोप धाडला: यात्रेत उत्तरेकडच्या शेरसिंगाशी कुस्ती, तीही निकाली. हरलास तर खुराक बंद.

हा शेरसिंग उठून उभा राहिला की गावाला संध्याकाळ झाल्यासारखी वाटायची, असं म्हणतात.

हौसानं ते ऐकलं आणि हिशेब मांडला. खुराक बंद म्हणजे दूध बंद, आणि दूध बंद म्हणजे तिचं पोर... पुढचं ती मनातसुद्धा म्हणेना. दादा वाळला तो आपल्याच पोरापायी, हेही तिला टोचत होतं. म्हणून माहेराहून आलेले डिंकाचे लाडू घेऊन ती कुस्तीच्या सकाळी सिदूकडं निघाली. चार द्यावेत? कमी पडले तर? आठ? शेवटी तिनं अख्खं गाडगंच उचललं.

प्रत्येक बाळंतिणीच्या मनात नेमकं हेच आलं होतं. कुणी आळिवाची खीर आणली, कुणी मेथीचे लाडू, कुणी सुंठीचे नि खोबऱ्याचे. सिदू महाराजांना तोंडावर नाही म्हणायचा, कारभाऱ्यांना नाही म्हणायचा. पण ताटली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला "नको" म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नाही. त्यानं सगळं खाल्लं.

आखाड्याजवळ बायकांनी जायचं नाही, अशी रीत होती. म्हणून त्या टेकडीवर जाऊन आखाड्याकडं पाठ करून बसल्या, आणि कंबर मोकळी करायच्या निमित्तानं सारख्या वळून बघत राहिल्या.

महाराज आणि तात्यासाहेब आखाड्यापुढं आसनांवर बसले. हलगी वाजली. सलामी झाली. आणि पहिल्याच पकडीत सिदू धप्पकन पालथा पडला!

"माझ्या लाडवांनी घात क्येला गं!" हौसा ओरडली.

पण पाठ मातीला लागल्याशिवाय पैलवान हरत नाही, आणि सिदू पडला होता पोटावर. शेरसिंगानं त्याची मान वळवून पाहिली, पाय ओढून पाहिला, बगलेत हात घालून रेटा दिला. सिदू हलेना. साऱ्या बाळंतिणींचा खुराक पोटात घेऊन तो तांबड्या मातीला जो चिकटला, तो चिकटला.

तिथूनच तो बोलायला लागला.

"महाराज, आता घाई न्हाई. गायरानाचं ऐकता का?"

"तोंड बंद कर!" तात्यासाहेब ओरडले.

पंच म्हणाला, "पाठ लागंपातुर कुस्ती चालू, सायेब. तोंडाला नियम न्हाई."

महाराजांच्या घराण्यातही एक नियम होता. निकाल लागेपर्यंत महाराज आसनावरून उठत नसत, आणि महाराज बसलेत तोवर दुसरं कुणीही. सिदूनं गायरानाचं सांगितलं, आटलेल्या म्हशींची नावं घेतली, कुणाची म्हैस कुठल्या बाजारात गेली तेही सांगितलं. टेकडीवर हौसाच्या पोरानं टाहो फोडला.

"ऐका! त्यो माझा वकील!" सिदू म्हणाला.

सूर्य डोक्यावरून कलला. शेरसिंग दमून सिदूच्या पाठीवर बसला आणि ऐकता ऐकता मान डोलवायला लागला. "महाराज," तो म्हणाला, "बात तो सही है."

महाराजांनाही ते पटलं होतं, असं पुरुष म्हणतात. बायका वेगळं सांगतात. महाराज सकाळी दोन तांबे ताक पिऊन आले होते. आधी त्यांनी पायावर पाय टाकला, मग दुसरा पाय पहिल्यावर टाकला, मग ते डोळे मिटून बसले. तेवढ्यात सिदू म्हणाला, "ह्ये झालं गायरान. आता साळंच्या कौलांचं..."

"सोडा!" महाराज किंचाळले. "गायरान सोडा! कौलं घाला! कुस्ती बरोबरीत!" आणि राजाला न शोभणाऱ्या चालीनं ते तंबूमागं धावले.

सिदूला उठवायला मात्र सहा माणसं लागली. आपण त्याला जिंकवलं की जवळजवळ हरवलं, हे हौसाला म्हातारपणापर्यंत ठरवता आलं नाही. तोवर तिच्या पोराच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

करंजओढ्याच्या यात्रेत आजही कुस्त्यांच्या आधी पुढाऱ्यांना फेटे बांधून पहिल्या रांगेत बसवतात आणि प्रत्येकाच्या हातात ताकाचा मोठा तांब्या देतात. मग गावातलं कुणीही तांबड्या मातीत पालथं पडतं आणि गावची राहिलेली कामं सांगतं. ते संपेपर्यंत पाहुण्यांनी उठायचं नाही. याला सिदूची पाळी म्हणतात. यात आता बायकाही असतात. गेल्या साली एक तरणी बाई, तान्हं पोर सासूच्या मांडीवर देऊन, साडीला माती लागेल याची काळजी करत करतच पालथी पडली आणि दवाखान्याच्या कुलपाबद्दल बोलायला लागली.

आमदारसाहेबांनी तांब्या हळूच खुर्चीखाली सरकवला.

"प्या की, सायेब," सरपंच म्हणाले. "तिचं आत्ता कुठं सुरू झालंय."