अर्धं पान

एका वर्षी पाऊसच पडला नाही. मालक थोडा कडबा टाकायचा, तोही म्हशीपुढेच. शेळीचं दूध आटलं आणि तिचं महिन्याचं करडू भुकेनं रडू लागलं. ओढ्याकाठी फक्त एक अनोळखी वेल हिरवी होती.

म्हैस म्हणाली, "अगं, वेल दे की त्याला! मी पाटीभर खाल्ली, काही झालं नाही. तुझं पोर माझ्या शंभराव्या हिश्श्याचं, त्याला घासभर चालेल."

"आक्का, वजनाचा हिशोब जमला. पण तुम्ही रवंथ करता, माझं पोर अजून करत नाही. त्याचं पोट तुमच्यासारखं कशावरून?"

"भित्री कुठली! मग राहू दे उपाशी."

करडू रडतच होतं. थांबायलाही वेळ नव्हता. शेवटी तिने अर्धंच पान दिलं आणि जवळून हलली नाही.

जरा वेळाने करडू थरथरलं, खाली पडलं, तोंडाला फेस आला. मग कसंबसं उठून उभं राहिलं.

म्हशीने आपल्यापुढचा कडबा शिंगाने शेळीकडे सरकवला.

"तू खा. त्याला दूधच लागतं."

शेळी खाऊ लागली, पण तिची नजर करडाच्या पोटावरच होती. ते खाली जायचं, वर यायचं. खाली, वर.