गोदाक्काच्या गळ्यातला हार

फार लांब नाही, डोंगराच्या पलीकडेच एक जंगल होतं. तिथले सिंहमहाराज बिनविरोध निवडून आले होते. विरोधात उभं राहिलेलं काळवीट आदल्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेलं होतं, ते जेवणातच राहिलं.

त्या जंगलात वेणूताई नावाची एक मुंगशीण राहायची. तिला प्रश्न विचारायची खोड होती. ती माळावरच्या सशांकडे गेली.

"गोदाक्का, आज काय खाल्लंत?"

"साल," म्हातारी सशीण म्हणाली. "बाभळीची. आतली मऊ नातवंडांना दिली. कुरणाला कुंपण घातलं, तेव्हापासून हेच."

कुरण आता दरबारी हत्तींसाठी राखीव होतं.

वेणूताई तिला घेऊन तडक दरबारात गेली. "महाराज, माळावर उपासमार आहे."

दिवाण तरस हसला. "उपासमार कसली? प्रजा हलकी होतेय. हलकी प्रजा जोरात पळते. यालाच प्रगती म्हणतात!"

टाळ्या पडल्या.

"मग हिलाच विचारा," वेणूताई म्हणाली.

गोदाक्का बोलायला पुढे झाली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती महाराजांच्या पायाशी आडवी झाली.

"पाहा!" तरस ओरडला. "काय ही निष्ठा! थेट लोटांगण!"

महाराज गहिवरले. त्यांनी स्वतःच्या पंजाने गोदाक्काच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तिला शुद्ध आली. तिने हार हुंगला आणि भर दरबारात खायला लागली. अर्धा खाल्ला, अर्धा नातवंडांसाठी तोंडात धरला.

कुणाला हसू आलं नाही. वेणूताई महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, आता तरी कुंपण काढा."

महाराजांनी समिती नेमली. समितीत सगळे हत्ती होते. त्यांचा निष्कर्ष आला: वेणूताईंनी विचारण्यापूर्वी जंगलात उपासमार असल्याचं कुणीच म्हटलं नव्हतं, सबब विचारण्यामुळेच ती पसरली. विचारण्यावर बंदी आली.

वेणूताई माळावर परतली. "आता काय करायचं, ताई?" गोदाक्काने विचारलं.

"विचारायला बंदी आहे," वेणूताई म्हणाली. "उकरायला नाही."

तिने कुंपणाखाली नखं रोवली. सगळे ससे मदतीला धावले. माती भराभर निघाली, आणि नातवंडं पहिल्यांदा पोटभर हिरवं गवत खाऊन तिथेच झोपी गेली.

पावसाळा सरेपर्यंत माळावरचे ससे चांगले गुबगुबीत झाले. ते तरसाच्या नजरेतून सुटलं नाही. लवकरच जंगलभर महाराजांचे मोठमोठे फलक लागले. त्यावर महाराजांशेजारी गोदाक्काचा हसरा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'लाभार्थी'.